विंडोज जागेवरच होतं

नागपुरात महालात आमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून देण्याचं, छोटं दुकान आहे, गांधी गेटातून आत आलं की पायी पाच मिनिटं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, बिलबुकं, भजनी मंडळांची पावतीपुस्तकं, जे येईल ते काम, आणि सगळं एकाच कॉम्प्युटरवर. २०१८ ला असेंबल करून घेतलेला आहे, सातव्या पिढीचा आय थ्री, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी त्यात विंडोज १०, आणि १ टीबीची हार्डडिस्क ज्यात मागच्या सात वर्षांच्या पत्रिका आहेत. काही घरं अशी आहेत की मोठ्या पोरीची पत्रिका आम्हीच केली, धाकटीची करायला आले तेव्हा म्हणाले ताई तीच काढा फक्त नावं बदला. तर ती हार्डडिस्क म्हणजे आमच्यासाठी दुकानाचं भांडवलच आहे, कॉम्प्युटर नवा घेता येते पण ते काम परत नाही करता येत. हे आधी सांगून राहिली कारण पुढं मी एवढी का घाबरली ते कळावं म्हणून.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले. विंडोज ११ आमच्या मशीनवर चढत नाही, त्याला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. एक वर्षाची वाढीव सोय होती पण ती घेऊन प्रश्न वर्षभर पुढंच ढकलला असता. आणि दुकानात मेलवर फाइली येतात, व्हॉट्सअ‍ॅप वेब दिवसभर उघडं असते, बँकेचं पण तिथंच होते. अपडेट नसलेल्या विंडोजवर हे सगळं करणं मला काही पटलं नाही. पण आमचं डिझाइनचं कोरलड्रॉ विंडोजशिवाय चालत नाही, आणि जुन्या सगळ्या पत्रिका त्यातच श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधे आहेत. मग भाच्यानं सुचवलं की मावशी दोन्ही ठेव, लिनक्स मिंट टाकू, ती विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम, इंटरनेटचं सगळं मिंटमधे कर आणि विंडोज फक्त डिझाइनला, त्याची इंटरनेटची वायरच बंद. मला हे फार आवडलं आणि अजूनही आवडते, आज तसंच चालू आहे. मधे जे झालं ते लिहून ठेवते.

भाऊबीज झाल्यावरच्या शनिवारी बसलो. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यानं घरूनच रूफस नावाच्या प्रोग्रॅममधे मिंट टाकायची पेनड्राइव्ह बनवून आणली होती. मी आधी विंडोजमधे डिस्क मॅनेजमेंटला जाऊन हार्डडिस्कवर १२० जीबी जागा मोकळी केली. एसएसडीला हात लावायचा नाही असं माझं ठाम होतं, त्यात जागाही नव्हती. हा हट्ट नंतर फार कामी आला, ते पुढं येईलच. पेनड्राइव्ह लावली, मिंट लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, सुरू झालं, मराठी नीट दिसून राहिली होती, प्रिंटर पण आपोआप पकडला. मग इन्स्टॉल सुरू केलं आणि मधेच एक खिडकी आली, "फोर्स यूईएफआय इन्स्टॉलेशन?" आणि खाली लांबलचक मजकूर, की हे मशीन यूईएफआय मोडमधे सुरू झालंय पण इथं आधीची सिस्टिम बायोस कंपॅटिबिलिटी मोडमधे टाकलेली दिसते, पुढं गेलात तर ती सुरू करायला अडचण येऊ शकते. यूईएफआय आणि बायोस म्हणजे कॉम्प्युटर सुरू व्हायची नवी आणि जुनी पद्धत, पुढं सांगते. दोन बटणं, मागं जा आणि यूईएफआयमधे पुढं चला. भाचा म्हणाला, "हे सगळ्यांनाच येते मावशी, दाब पुढं." मी दाबलं. पूर्ण उत्तर त्या एका खिडकीत लिहिलेलं होतं आणि आम्ही दोघांनी ते अर्धंच वाचलं. कोणी हे करत असेल तर हात जोडून सांगते, ती खिडकी आली की थांबा, मागं जा, आणि खाली मी सांगते ते आधी तपासा.

पाऊण तासात इन्स्टॉल झालं. रीस्टार्ट केलं आणि मशीन सरळ मिंटमधे गेलं. यादी येते असं भाचा म्हणाला होता, कुठं जायचं ते विचारते, तसं काहीच नाही. परत रीस्टार्ट, शिफ्ट दाबून, एस्केप दाबून, शेवटी ग्रबची, म्हणजे कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमची, काळी यादी आली तर त्यात लिनक्स मिंट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि सगळ्यात खाली यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. विंडोजचं नावच नाही. तुळशीचं लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यातल्या दोन लग्नांच्या पत्रिका कोरलमधे अर्ध्या पडल्या होत्या, एकीचा मजकूर सोमवारी प्रेसला द्यायचा होता. माझ्या पोटात गोळा आला.

भाच्यानं टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलं, ती यादी परत बनवणारं अपडेट-ग्रब चालवलं, काही नाही. कुठंतरी त्यानं वाचलं होतं की ग्रबच्या नवीन आवृत्त्यांत दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर बंद ठेवलेला असते, ग्रबच्या फाइलमधे डिसेबल ओएस प्रोबर इज इक्वल टू फॉल्स अशी ओळ टाकावी लागते. ती टाकली, परत अपडेट-ग्रब, परत काही नाही. मग नुसतं सुडो ओएस-प्रोबर चालवलं तर तो थोडा थांबला आणि काहीच न बोलता पुढची ओळ आली. रात्रीचे साडेदहा झाले होते, बस बंद होते म्हणून तो घरी गेला.

मी एकटी बसली होती दुकानात. आणि सहज म्हणून मिंटच्या फाइलच्या खिडकीत डावीकडं दिसणाऱ्या डिस्कांवर क्लिक करून पाह्यलं तर एसएसडी उघडली. विंडोजचं फोल्डर, युजर्स, त्यात माझं नाव, डेस्कटॉपवर त्या दोन्ही पत्रिका. हार्डडिस्कचं डी ड्राइव्ह उघडलं, सात वर्षांच्या पत्रिका जशाच्या तशा, वर्षावार. मी खरंच रडली तिथं. त्या क्षणी मला एक गोष्ट नीट समजली जी मला कोणी आधी सांगितली नव्हती, की पाकिटावरचा पत्ता पुसला म्हणजे आतली पत्रिका गेली नाही. बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू होताना सिस्टिमला हाक मारणारा छोटा प्रोग्रॅम, हा पाकिटावरचा पत्ता. मशीनला विंडोजपर्यंत जायची वाट सापडत नव्हती, विंडोज स्वतः जागेवरच होतं.

एक पाह्यलं की फाइल उघडत होती पण सेव्ह होत नव्हती, रीड ओन्ली म्हणून राहिलं होतं. ते विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळं, विंडोज शट डाउन केलं तरी ते पूर्ण बंद न होता अर्धं झोपते आणि मग लिनक्स त्या डिस्कवर लिहायला नाही म्हणते, आणि ते बरोबरच करते, लिहिलं तर डिस्क बिघडते. हे विंडोजमधे कंट्रोल पॅनेलमधे पॉवर ऑप्शन्सला जाऊन, पॉवर बटण काय करते त्या पानावर, टिक काढून बंद करायचं असते. ड्युअल बूट करायच्या आधीच करा. मी तेव्हा नुसत्या दोन्ही पत्रिका पेनड्राइव्हवर कॉपी करून घेतल्या, वाचायला तर मनाई नव्हती.

रविवारी सकाळी ओळखीच्या एका रिपेअरवाल्याला बोलावलं. त्यांनी सीपीयू सुरू करता करता बायोसमधे, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या पानावर, जाऊन बूट मोड लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीचा, केला, सेव्ह करून बाहेर, आणि काळ्या स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात एक पांढरा डॅश लुकलुकत राहिला, बाकी काही नाही. दोन मिनिटं पाह्यलं आणि म्हणाले, "विंडोज उडलं ताई. फॉर्मॅट मारावं लागते. डेटाची गॅरंटी नाही देत." मी म्हटलं अहो काल रात्री मी फाइली उघडून पाह्यल्या सगळ्या. ते म्हणाले दिसतात हो पण विंडोज करप्ट आहे. त्यांना घाई होती, दुपारी परत येतो, डिस्क रिकामी करायला सांगून गेले. मी त्यांना दोष द्यायला नाही लिहून राहिली, पण काल रात्री मी स्वतः ते फोल्डर पाह्यलं नसतं तर दुपारी मी हो म्हटलं असतं आणि कोरलचं, फॉन्टचं, प्रिंटर सेटिंगचं सगळं परत पहिल्यापासून बसवावं लागलं असतं. भाच्याला फोन केला तं तो ओरडलाच, "फॉर्मॅटले हो नको म्हणू वं मावशी, मी येऊन राहिलो." आला तर्री पोहे घेऊन, आणि आल्या आल्या म्हणाला की रात्रभर मी त्या खिडकीचाच विचार करून राहिलो.

मग आम्ही पहिल्यांदा ते केलं जे सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं, नुसतं तपासणं. बायोसमधला मोड परत जसा होता तसा केला, मिंट सुरू केलं, आणि दोन गोष्टी पाह्यल्या. एक, सिस्टिमच्या सिस फोल्डरमधे फर्मवेअर, त्यात ईएफआय नावाचं फोल्डर आहे का. आहे. म्हणजे मिंट यूईएफआयमधे चालू आहे. दोन, सुडो एफडिस्क डॅश एल, ही डिस्कांची यादी दाखवणारी आज्ञा. त्यात प्रत्येक डिस्कखाली डिस्कलेबल टाइप म्हणून एक ओळ येते. हार्डडिस्कखाली लिहिलं होतं जीपीटी. एसएसडीखाली लिहिलं होतं डॉस. त्यानं बोट ठेवलं त्या डॉसवर आणि म्हणाला, "हे पाह्य. सापडलं."

सांगते काय ते. कॉम्प्युटर सुरू व्हायच्या दोन पद्धती आहेत. जुनी बायोसची, जिला आता बोर्डावर लेगसी किंवा सीएसएम म्हणतात, ती डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचते, त्यात छोटासा प्रोग्रॅम असते तो पुढची वाट दाखवते. त्याला एमबीआर म्हणतात, एफडिस्क त्यालाच डॉस लिहिते. नवीन यूईएफआयची पद्धत तो सेक्टर चालवतच नाही, ती डिस्कवर एक छोटं फॅट ३२ चं ईएफआय पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, शोधते आणि त्यातली फाइल सरळ उघडते. या पद्धतीच्या डिस्कच्या नकाशाला जीपीटी म्हणतात. आमचं विंडोज असेंबल करणाऱ्यानं २०१८ मधे जुन्या पद्धतीनं टाकलं होतं. पेनड्राइव्ह भाच्यानं रूफसमधे जीपीटी निवडून बनवली, ती फक्त यूईएफआयमधेच सुरू होते, म्हणून मिंट नवीन पद्धतीनं बसलं. आणि यूईएफआयमधे सुरू झालेलं ग्रब लेगसी विंडोजला हाक मारू शकत नाही, ओएस-प्रोबरसुद्धा यूईएफआय मशीनवर जुन्या पद्धतीचे बूटलोडर सोडून देते. म्हणून तो गप्प होता. तो बिघडला नव्हता, त्याच्या परीनं बरोबरच होता. माझ्या सासऱ्यांची ट्रेडल मशीन होती, ते खिळे जुळवायचे, ब्लॉक बनवून आणायचे. तो ब्लॉक कितीही सुंदर असला तरी ऑफसेटच्या मशीनवर चढत नाही, आणि ऑफसेटची प्लेट ट्रेडलवर नाही. दोन्ही छपाईच, पण मशीन बदललं की साधन बदलते. मला हे असं लावून पाह्यल्यावर पक्कं समजलं आणि नंतर कधी गोंधळ झाला नाही.

मग तो लुकलुकता डॅश का? लेगसी केल्यावर बोर्डानं पहिली डिस्क म्हणून हार्डडिस्क धरली होती, जिच्यावर जुन्या पद्धतीचं काहीच नाही. एसएसडीकडं ते गेलंच नाही. भाच्यानं बायोसमधे दोन्ही पद्धती चालू ठेवल्या, सुरू होताना एफ ११ दाबलं, आमच्या बोर्डावर एफ ११ आहे, दुसऱ्यांवर एफ ८ किंवा एफ १२ असते, आणि आलेल्या यादीत ज्या नावाआधी यूईएफआय लिहिलेलं नाही अशी एसएसडी निवडली. चार सेकंदात विंडोजचा निळा लोगो. मी त्या रिपेअरवाल्यांना फोन करून सांगितलं की नका येऊ, सापडलं. आणि सोमवारची पत्रिका रविवारी रात्रीच प्रेसला गेली.

पण रोज एफ ११ दाबून निवडणं हे काही खरं नाही. दुकानात माझ्यासोबत एक पोरगी कामाला आहे, बारावी झालेली, हुशार आहे, पण तिनं रोज सकाळी यूईएफआय लिहिलेलं आणि न लिहिलेलं ओळखत बसावं हे मला नको होतं. दोन रस्ते होते. मिंट काढून परत लेगसीमधे टाकायचं, किंवा विंडोजलाच नवीन पद्धतीत न्यायचं. भाचा म्हणे पहिलं सोपं. मी म्हटलं जुन्यात जायचंच काहून, पुढं कधी मशीन बदललं तर परत हेच. आणि विंडोज १० मधे २०१७ पासून त्यासाठी आयतं साधन आहे, एमबीआर टू जीपीटी, लिहिताना टूच्या जागी आकडा २. ते डेटा न उडवता डिस्कचा नकाशा बदलून देते. अट अशी की डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन पाहिजे आणि एक्स्टेंडेड पार्टिशन नको. आमच्या एसएसडीवर तीनच होते, सिस्टिम रिझर्व्हड, सी आणि रिकव्हरी. मिंट आम्ही एसएसडीवरच जागा काढून बसवलं असतं तर हे साधन तिथंच नाही म्हटलं असतं. हार्डडिस्कवर टाकायचा माझा हट्ट कामी आला तो इथं.

पण मी तेव्हा लगेच नाही केलं. पहिल्या दोन लग्नांचं काम हातावेगळं होऊ दिलं, एक पोर्टेबल हार्डडिस्क आणली, सगळ्या पत्रिका, फॉन्टचं फोल्डर, कोरलचं सेटिंग, ग्राहकांची यादी, सगळं तिच्यावर घेतलं, आणि ती हार्डडिस्क दुकानात न ठेवता घरी कपाटात ठेवली. मग एका रविवारी विंडोजमधे कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला. लॅपटॉप असेल तर याच्याही आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू आहे का ते पाहा, असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, भाच्याच्या मित्राचा लॅपटॉप बायोसमधे एक सेटिंग बदलल्यावर ती की मागत बसला होता आणि त्याच्याकडं नव्हती. आमच्यात बिटलॉकर नव्हता.

आधी नुसती तपासणी, एमबीआर टू जीपीटी, स्लॅश व्हॅलिडेट, स्लॅश डिस्क शून्य, स्लॅश अलाऊ फुल ओएस. शून्य म्हणजे एसएसडीच ना हे डिस्क मॅनेजमेंटमधे दोनदा पाहून घेतलं. उत्तर आलं व्हॅलिडेशन कंप्लीटेड सक्सेसफुली. मग तीच ओळ, व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट. एंटर दाबायच्या आधी मी भाच्याकडं पाह्यलं, तो माझ्याकडं पाहून राहिला होता. दाबलं. अर्ध्या मिनिटात झालं सगळं. शेवटी दोन ओळी महत्त्वाच्या, एक अशी की रीएजंटची फाइल अपडेट झाली नाही, विंडोज आरई, म्हणजे विंडोजची दुरुस्तीची सोय, हातानं बंद करून चालू करा, आणि दुसरी अशी की नवीन सिस्टिम सुरू व्हायच्या आधी फर्मवेअर यूईएफआय मोडमधे न्या. या वेळी दोन्ही पूर्ण वाचल्या, मोठ्यानं वाचल्या. रीस्टार्ट, बायोस, सीएसएम बंद, सेव्ह.

विंडोज आलं. मी कोरल उघडलं, पत्रिका उघडली, फॉन्ट बरोबर, जोडाक्षरं बरोबर. मग रीएजंटसी स्लॅश डिसेबल आणि परत स्लॅश एनेबल केलं, दोन्ही वेळा सक्सेसफुल म्हणालं.

आता एफ ११ च्या यादीत दोनच नावं होती, विंडोज बूट मॅनेजर आणि उबंटू. उबंटू पाहून मी थबकली, आम्ही तर मिंट टाकलं. मिंट उबंटूवर बेतलेलं आहे आणि ते ईएफआय पार्टिशनमधे आपलं फोल्डर उबंटू नावानंच बनवते, तेच नाव यादीत येते. ते निवडलं, मिंटमधे गेलो, सुडो अपडेट-ग्रब. आणि या वेळी ओळींमधे एक ओळ सरकत आली, फाउंड विंडोज बूट मॅनेजर. ती ओळ मी आजही डोळ्यासमोर आणू शकते, पांढऱ्या अक्षरात, काळ्यावर. बायोसमधे उबंटूचं नाव पहिल्या नंबरवर नेलं, आणि सुरू करताना दहा सेकंद ग्रबची यादी दिसते, वर मिंट, खाली विंडोज. पोरगी म्हणाली, "ताई आता तं एकदम सोपं झालं."

तरी एक गोष्ट राहिली होती जी मला आठवडाभर कळली नाही. विंडोजमधलं घड्याळ मागं होतं, बरोबर साडेपाच तास. मी हातानं नीट करायची, मिंटमधे जाऊन आलं की परत मागं. मी म्हटलं घड्याळाचं काय एवढं. मग एका पत्रिकेत झालं असं की ग्राहकानं मेलवर दुरुस्त्यांच्या खुणा करून प्रूफ परत पाठवलं, ते पोरीनं सकाळी अकराला मिंटमधे डाउनलोड केलं. मी दुपारी दोनला विंडोजमधे दुरुस्त्या करून नवीन पीडीएफ काढली, पण विंडोजच्या हिशोबानं तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. फोल्डरमधे तारखेनं लावल्यावर जुनं प्रूफ वर आणि दुरुस्त केलेलं खाली. पोरीनं वरचं घेतलं, प्रेसला पाठवणार तेवढ्यात मी म्हटलं एकदा मुहूर्त वाच. गोरज मुहूर्ताच्या ओळीत तीच आधीची चुकीची मिनिटं होती जी मी दुपारी बदलली होती. दोन हजार पत्रिका गेल्या असत्या चुकीच्या मुहूर्तानं. लग्नाच्या घरी ती गोष्ट कोणी विसरत नाही.

कारण साधं आहे. बोर्डावरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक वेळ म्हणून वाचते आणि लिनक्स तीच जागतिक वेळ धरून त्यात साडेपाच तास मिळवते. लिनक्स त्यात आपल्या पद्धतीनं वेळ लिहिते, विंडोज आपल्या पद्धतीनं वाचते. मिंटच्या टर्मिनलमधे टाइमडेटसीटीएल सेट लोकल आरटीसी १ एवढी एक ओळ दिली की ते विंडोजसारखं वागते. ते सूचना देते की हे बरं नाही, उन्हाळ्यात घड्याळ पुढंमागं करणाऱ्या देशांत यानं गोंधळ होते, पण आपल्याकडं तसं काही नसते म्हणून मला हेच ठीक वाटलं. ड्युअल बूट केल्या दिवशीच हे करून टाका, विशेषतः ज्यांचं काम फाइलच्या वेळेवर चालते त्यांनी.

मग डिसेंबर आला. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू, बर्डीकडं, म्हणजे सीताबर्डीच्या बाजाराकडं, जायचं म्हणजे मोर्चे आणि बॅरिकेड. शनिवारी रात्री आमच्या ओळीतली लाइट गेली ती रविवारी दुपारी आली, आणि सोमवारी सकाळी मशीन सुरू केलं तर काळ्या स्क्रीनवर रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस. पोरीचा चेहरा उतरला. मी खरं सांगते, मला या वेळी भीती नाही वाटली. मी बायोसमधे गेली आणि पहिल्यांदा वरची तारीख पाह्यली, १ जानेवारी २०१८. म्हणजे बोर्डावरचा सेल संपला होता, लाइट नव्हती तेव्हा सेटिंग सगळं मूळपदावर गेलं, सीएसएम परत चालू झाला, बोर्ड परत लेगसी शोधायला लागलं, आणि आता तर एसएसडीवरही जुन्या पद्धतीचं काही उरलं नव्हतं. नाण्याएवढा सेल असते, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. बर्डीवर जायची सोय नव्हती म्हणून बडकस चौकातल्या घड्याळवाल्याकडं पोरीला पाठवलं, त्याच्याकडं मिळाला. मशीनची वायर काढून, जुना सेल नखानं खटका दाबून काढला, नवीन बसवला, अधिक खूण वर. तारीख घातली, सीएसएम बंद केला, सेव्ह.

विंडोज सरळ सुरू झालं. पण ग्रब नाही, यादीत उबंटूचं नाव नाही. भाच्याची परीक्षा चालू होती, त्याला फोन नाही केला. मी स्वतःशी बोलली की ईएफआय पार्टिशनमधली फाइल कुठं जाणार, ती हार्डडिस्कवरच आहे, बोर्डाच्या यादीतलं नाव तेवढं गेलं. तीच पेनड्राइव्ह लावली, मिंट लाइव्ह, सिसमधलं ते ईएफआय फोल्डर तपासलं, ईएफआय मोड बरोबर. एफडिस्कमधे पाह्यलं, हार्डडिस्क एसडीबी, तिचं चौथं पार्टिशन ५१२ एमबीचं, ईएफआय सिस्टिम लिहिलेलं. ते उघडून पाह्यलं, आत ईएफआय, त्यात उबंटू, त्यात शिम एक्स ६४ ची, ग्रब सुरू करणारी, फाइल. होती. मग ईएफआयबूटमगर नावाची एकच आज्ञा, नवीन नोंद बनव, डिस्क एसडीबी, पार्टिशन चार, नाव उबंटू, आणि त्या फाइलचा पत्ता, उलट्या रेघांनी. चिकटवली नाही, एकेक अक्षर टाइप केलं, तीनदा वाचलं आणि एंटर दाबलं. खाली यादी आली, बूट ऑर्डर, आणि उबंटू सगळ्यात पुढं.

पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं. दहा सेकंदांची यादी आली, वर मिंट, खाली विंडोज. पोरगी मागंच उभी होती. मी उठून तिला खुर्ची दिली, तिनं खालचा बाण एकदा दाबला, एंटर केलं, कोरल उघडलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, आमच्या येथे श्रीकृपेकरून.